तेच ४२ ब्लॉक: मुलुंडमधल्या एका गादीवाफ्याचं प्रकरण

मुलुंड पूर्वेची एक सोसायटी, तळमजला अधिक चार. तळमजल्यावर राहणाऱ्या निवृत्त काका-काकूंनी मे महिन्यात इमारतीमागच्या मोकळ्या जागेत सिमेंटच्या सॉलिड ब्लॉकचा गादीवाफा, म्हणजे जमिनीच्या वर कडा उभारून मातीने भरलेला भाजीचा वाफा, रचून घेतला. बाहेरच्या मापाने ३.२ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि १६ इंच उंच. ब्लॉक ४२ लागले, सिमेंट अजिबात नाही. जुलैत पावसाने दोन दिवस झोडपलं आणि लांब बाजू मधोमध तीन इंच फुगली. वरचे दोन ब्लॉक निसटून पेव्हरवर पडले, आतली वांग्याची रोपं मान टाकून बसली.

ऑक्टोबरमध्ये वाफा सोडवून त्याच ब्लॉकमधून पुन्हा रचला. या वेळी ४१ लागले, एक उरला. पुढच्या पावसाळ्यात तो जागचा हलला नाही. घरी वाफा करायचा म्हटलं की लोक फळ्या कुठे मिळतील, पॅलेट किती स्वस्त, अशी चौकशी सुरू करतात. मुंबईत आधी दोनच गोष्टी ठरवाव्या लागतात: पावसाचं पाणी वाफ्यातून बाहेर कुठून जाणार, आणि ओल्या मातीचा रेटा कोण झेलणार. कडेला काय लावायचं हा प्रश्न त्यानंतरचा.

गच्चीचा बेत का बारगळला

मूळ बेत गच्चीचा होता. ऊन भरपूर, गुराढोरांची भीती नाही, पाण्याचा नळ जवळ. पण बांधकामाच्या भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग २) माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी जास्तीचा भार धरतात तो चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो. आता वाफ्याचं वजन पाहा. कंपोस्ट आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलेलं हलकं मिश्रण पावसात पूर्ण भिजलं की घनमीटरला १,२०० ते १,३०० किलो सहज भरतं. ते फूटभर खोल घातलं तर चौरस मीटरला ३९० किलोच्या आसपास. काकांच्या मनात होता तसा १६ इंची आणि निव्वळ लाल मातीचा केला असता, तर ७०० किलोच्या वर. कडेचे ब्लॉक यात धरलेलेच नाहीत.

त्यात इमारत तिशी ओलांडलेली. अशा इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट चुकत नाही, आणि या सोसायटीच्या ऑडिटमध्ये चौथ्या मजल्याच्या छताला ओल असल्याची नोंद आधीच होती. इंजिनिअरने एका वाक्यात विषय संपवला: कुंड्या कठड्याच्या कडेने, खाली बीम असेल तिथे ठेवा, वाफा नको. हा सल्ला योग्यच होता. गच्चीवर शेती होतच नाही असं नव्हे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवरची बाग याच शहरात उभी राहिली. पण तशा बागांचं माध्यम हलकं असतं, पालापाचोळा आणि उसाची चिपाडं जास्त, माती नावाला. लाल मातीने भरलेला वाफा ही वेगळी गोष्ट आहे.

जागा

इमारतीच्या मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत साधारण १२ फूट रुंद पट्टा. त्यातला इमारतीकडचा अर्धा भाग ड्रेनेजचे चेंबर साफ करायला आणि ये-जा करायला मोकळाच ठेवायचा होता. उरलेला सहा फुटी पट्टा वाफ्याला. खाली पेव्हर ब्लॉक, त्याखाली कच (बारीक खडी), त्याखाली बांधकामाच्या वेळचं रॅबिट, म्हणजे राडारोडा. पट्ट्याला पावसाळी गटाराकडे हलका उतार आहे.

मागची बाजू दक्षिणेला येते, हे नशीब. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भरदुपारीही सूर्य दक्षिणेकडे साडेसत्तेचाळीस अंशांवरच असतो, आणि १५ मीटर उंचीच्या इमारतीची सावली उत्तरेला जवळजवळ १४ मीटर पडते. वाफा उत्तरेच्या बाजूला केला असता तर मेथी-पालकाच्या ऐन हंगामात तिथे ऊन शिवलंही नसतं. उन्हाळ्यात जागा पाहायला गेलेल्यांची फसगत इथेच होते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मुंबईच्या उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेची जागा तेव्हा लख्ख दिसते. इथे कंपाउंडपलीकडे एकमजली गोदाम आहे आणि भिंत तीन फुटी, वर लोखंडी जाळी, त्यामुळे दक्षिणेकडचं ऊनही अडत नाही. भिंत पाच फुटी बंद असती तर डिसेंबरात अर्धा वाफा दुपारभर सावलीत गेला असता. जागा ठरवताना खडूने सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता सावलीची कड आखून घ्यावी. पालेभाजीला चार तास, फळभाजीला सहा तास थेट ऊन हवं.

कमिटीने परवानगी देताना तीन अटी घातल्या: पक्कं बांधकाम नाही, चेंबरवर काही नाही, आणि इमारतीच्या भिंतीला टेकवून माती नाही. सेक्रेटरींनी चौथी तोंडी घातली, ‘काकू, पाणी बिल्डिंगकडे आलं तर दुसऱ्या दिवशी काढायचं हं.’ अटी जाचक वाटतात, पण चारही शहाण्या आहेत. सिमेंट न लावता रचलेला वाफा अर्ध्या दिवसात उचलता येतो आणि पेव्हर पुन्हा बसवता येतात.

कडेला काय लावायचं

पॅलेट सगळ्यांत आधी डोळ्यांसमोर येतं. कुर्ला, साकीनाका भागात सुटी पॅलेटं मिळतात, आणि ‘एचटी’ असा शिक्का असलेलं, म्हणजे उष्णतेने कीडमुक्त केलेलं, घ्यायला हरकत नसते. ‘एमबी’ शिक्क्याचं घेऊ नये; ते मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं असतं. पण पाइनची पातळ फळी ओल्या मातीला चिकटून मुंबईचे दोन पावसाळे काढत नाही, आणि जमिनीला टेकली की वाळवी येते. जुन्या दाराच्या चौकटी स्वस्त असतात, त्यांच्यावरच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. सिमेंटचे जुने पन्हाळी पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात, ते तर घरातच आणू नयेत. सिपोरेक्सचे हलके ब्लॉक गवंडी हौसेने सुचवतात. उचलायला सोपे, पण इथे हलकेपणा हाच दोष, कारण सिमेंटशिवाय रचलेली भिंत स्वतःच्या वजनावरच मातीला अडवते.

म्हणून ४ इंची सॉलिड ब्लॉक. १६ × ८ × ४ इंच, म्हणजे ४० × २० × १० सेंटिमीटर. एकाचं वजन १७ किलोच्या आसपास. निवड बरोबरच होती.

पहिला वाफा का फुगला

पहिल्या वेळी ब्लॉक चार इंची कड खाली करून उभे लावले, एकावर एक दोन ओळी. उंची १६ इंच मिळाली, भिंतीची जाडी मात्र चारच इंच. गवंड्याने विचारलं होतं, ‘काका, सिमेंट नाही तर निदान खालची ओळ आडवी टाकू का?’ उंची कमी होईल म्हणून नको म्हटलं गेलं. त्याचा हात बरोबर जागी गेला होता.

ढोबळ गणित असं. भिंतीच्या एक मीटर लांबीचा विचार करू. माती पूर्ण भिजलेली, घनमीटरला १,८०० किलो, आणि खोली ४० सेंटिमीटर धरली तर ती भिंतीला बाहेर ढकलते सुमारे ५८ किलोच्या जोराने. हा जोर तळापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे १३ सेंटिमीटरवर लागतो. जोर आणि हे अंतर यांचा गुणाकार म्हणजे भिंत बाहेर कलंडवणारा रेटा, तो झाला ७७० किलो-सेंटिमीटर. अडवायला काय, तर भिंतीचं स्वतःचं वजन ८४ किलो, आणि ते बाहेरच्या कडेपासून फक्त ५ सेंटिमीटर आत. म्हणजे ४२० किलो-सेंटिमीटर. भिंत पडायलाच हवी होती.

मग मे-जूनमध्ये का उभी राहिली? तेव्हा मिश्रण कोरडं होतं. कोरडं, भुसभुशीत मिश्रण घनमीटरला ८०० किलोच्या आसपास असतं आणि त्याचा रेटा २८० किलो-सेंटिमीटरपर्यंतच जातो. भिंत तो आरामात पेलते. उन्हाळ्यात बांधलेला वाफा म्हणूनच कधी परीक्षा देत नाही. कोपऱ्यांना दोन भिंती एकमेकींना धरून असतात, मधल्या भागाला कुणाचा आधार नसतो, त्यामुळे फुगवटा नेहमी लांब बाजूच्या पोटात येतो.

आणखी एक गोष्ट होती, आणि तिने खरा घात केला. माती वाहून जाऊ नये म्हणून तळाला निळी ताडपत्री घालून तिच्या कडा आतून ब्लॉकच्या वरपर्यंत चढवलेल्या होत्या. वाफ्याचं टाकं झालं. त्यात पाणी काठोकाठ साचलं की ४० सेंटिमीटर पाण्याचाच रेटा मीटरला ८० किलो होतो, पाण्यात बुडालेल्या मातीचा वरून आणखी २६. दोन्ही मिळून कलंडवणारा जोर १,४०० किलो-सेंटिमीटर, भिंतीच्या ताकदीच्या तिपटीहून जास्त. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरात सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. २६ जुलै २००५ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. अशा शहरात तळ बंद केलेला वाफा करणं म्हणजे फुगवट्याची वाट पाहणं.

वांगी का गेली

रोपं मलूल पडली की घाईने पाणी घालायचं नसतं आणि औषधही मारायचं नसतं. वांगं, टोमॅटो, मिरची यांना कोकणपट्टीच्या दमट हवेत जिवाणूंमुळे मर रोगही येतो, आणि तो दिसायला असाच दिसतो. फरक ओळखायची सोपी युक्ती आहे. बुंध्याजवळचा खोडाचा बोटभर तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा टांगायचा. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट धागे उतरू लागले तर मर रोग समजावा. मग त्या वाफ्यात दोन-तीन वर्षं वांग्याच्या कुळातलं काही लावायचं नाही. इथे पाणी नितळ राहिलं. मुळं मात्र तपकिरी, बोटाने ओढली की साल निघून येत होती, आणि मातीला सडक्या अंड्यासारखा वास. म्हणजे कारण एकच, मुळं बुडाली होती.

ताडपत्रीवर तीन इंच खडीचा थरही होता, ‘निचऱ्यासाठी’. हा समज फार पसरलेला आहे. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून थबथबेपर्यंत ते मातीतच लटकून राहतं. म्हणजे खडीने निचरा वाढत नाही, उलट ओलीचा थर तीन इंच वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढीच कमी होते. त्यात तळाला वाट बंद असेल तर खडी नुसती पाण्याची कोठी बनते.

मिश्रणात निम्मी लाल माती होती. नर्सरीतून गोणीने येणारी लाल माती बहुधा जांभ्याची, चिकण अंश भरपूर. उन्हात वीट, पावसात चिखल. काही वेळा तर इमारतीच्या खोदकामातली मातीच ‘लाल माती’ म्हणून खपवलेली असते, त्यात प्लास्टरचे तुकडे सापडतात. घेण्याआधी मूठभर माती बाटलीत पाण्यात हलवून रात्रभर ठेवावी. तळाला बसलेल्या थरांत वरचा गुळगुळीत चिकणमातीचा थर एकूण मातीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त दिसला, तर त्या मातीचं प्रमाण मिश्रणात आणखी कमी करावं.

नवी रचना

पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यात काम काढलं. एक बिगारी आणि घरचे दोघे, एवढ्यांनी दोन दिवसांत झालं.

वाफा रिकामा करून ताडपत्री काढली. वाफ्याची कड कंपाउंडच्या भिंतीपासून ४५ सेंटिमीटर सोडून दोरीने आखली. एवढी फट झाडू मारायला लागतेच. वीतभर सोडली तर तिथे पाला साठून घुशींची सोय होते, आणि माती भिंतीला टेकवली तर भिंत ओल धरते. रुंदी १.२ मीटरपेक्षा जास्त ठेवू नये. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचायला हवा, म्हणजे वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. एकाच बाजूने हात जात असेल तर ६० सेंटिमीटर पुरे.

मग भिंतींच्या खाली येणारे पेव्हर जागीच ठेवून आतले सगळे उचलले. भिंतीला तयार पाया मिळाला आणि वाफ्याचा तळ उघडा झाला. उचललेले पेव्हर गच्चीच्या जिन्याखाली रचून ठेवले आहेत, वाफा काढायची वेळ आलीच तर लागतील. उघड्या जागेतली कच बाजूला करून पहारीने खालचं रॅबिट वीतभर सैल केलं, मोठे तुकडे वेचले. एक फुटी खड्डा करून तो पाण्याने भरला, जिरू दिला, पुन्हा भरला आणि पाणी तासाला किती खाली जातं ते पाहिलं. जेमतेम सेंटिमीटरभर. तासाला इंचभर गेलं असतं तर कडेला भोकांची गरज नव्हती. इथे होती.

खालची ओळ आता पालथी टाकली, म्हणजे ब्लॉकची २० सेंटिमीटर रुंद बाजू जमिनीवर आणि उंची १० सेंटिमीटर. लांब बाजूंना आठ-आठ, त्यांच्या मध्ये आडव्या बाजूंना दोन-दोन, एकूण २०. लांब बाजूंच्या तीन-तीन सांध्यांत बोटाएवढी, एक सेंटिमीटरची फट ठेवली आणि आतून काथ्याचा बोळा लावला, पाणी झिरपेल आणि माती अडेल असा. या फटींमुळे लांबी तीन सेंटिमीटरने वाढते. वरच्या ओळीच्या सांध्यांत ती विभागून जाते. आडव्या बाजू उताराला आडव्या येत नाहीत, म्हणून तिथे फटी नाहीत. पाणी लांब बाजूंनी बाहेर येऊन पेव्हरवरून गटाराकडे जातं. इमारतीकडे काही येत नाही.

लेव्हल बघायला पाण्याची पारदर्शक नळी पुरते. खालची ओळ कुठे डुगडुगत असेल तर तिथे कचीचा पातळ थर द्यावा, लाकडाची फाचर नको, ती कुजते.

वरची ओळ उभी, चार इंची कड खाली, आणि बाहेरच्या बाजूने खालच्या ओळीशी बरोबर मिळवलेली. इथे कोपरे उलटे बांधले. खाली लांब बाजू टोकापर्यंत होती, वर आडवी बाजू टोकापर्यंत नेली: आडव्या बाजूंना तीन-तीन, लांब बाजूंना त्यांच्या मध्ये साडेसात-साडेसात. एकूण २१, त्यासाठी एकच ब्लॉक छिन्नीने मधोमध तोडावा लागतो. कोपरे एकमेकांत गुंततात आणि वरचे सांधे खालच्या सांध्यांवर येत नाहीत.

वाफ्याची उंची १२ इंच झाली आणि आतल्या बाजूला खालच्या ब्लॉकची १० सेंटिमीटरची पायरी तयार झाली. या पायरीत सगळं गुपित आहे. तिच्यावर बसलेली माती स्वतःच्या वजनाने भिंत दाबून धरते. गणित पुन्हा: ३० सेंटिमीटर भिजलेल्या मातीचा कलंडवणारा रेटा ३२४ किलो-सेंटिमीटर. अडवणारं, खालचा ब्लॉक ४२०, वरचा २१०, पायरीवरची माती ५४०, बेरीज १,१७०. साडेतीन पट. चार इंच उंची गेली, पण पालेभाजीला आठ इंच आणि वांगं-मिरचीला फूटभर माती पुरते, शिवाय आता तळ उघडा असल्याने मुळांना खालीही वाट आहे.

माती भरण्याआधी तळाला अर्ध्या इंची छिद्रांची जस्ताची वेल्डमेश जाळी टाकली. तीन फूट रुंद, दहा फूट लांब तुकडा बरोबर बसतो, कडा पाच सेंटिमीटर वर वळवायच्या. मुंबईत तळ उघडा ठेवायचा आणि घुशींचा विचार करायचा नाही, असं चालत नाही. कोंबड्यांची षटकोनी जाळी स्वस्त पडते पण वर्ष-दीड वर्षात गंजून पीठ होते. आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा वाफ्यात पुरायचा नाही, कितीही मोह झाला तरी. तो आधी पिंपात कुजवून मगच आणावा.

भरण

वरच्या ओळीच्या आत ३ × १ मीटर × २० सेंटिमीटर आणि खालच्या ओळीच्या आत २.८ × ०.८ मीटर × १० सेंटिमीटर, मिळून ८२० लिटर. वरून तीन सेंटिमीटर रिकामे ठेवले की ७३० लिटर. मिश्रण पहिल्या महिन्यातच दबतं, म्हणून ८५० लिटर तयार करावं. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत तोंड बांधता येईल इतकं भरलं तर ३५ लिटर मावतं, म्हणजे साधारण २४ गोण्या.

प्रमाण घमेल्याने: लाल माती ४, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट ३, भिजवलेलं कोकोपीट २, जाड कच १. कच धुऊन घ्यायची, क्रशरची पावडर राहिली तर तीच मातीत सिमेंटसारखी बसते. कोकोपीटची पाच किलोची वीट फुगून ७० लिटरच्या आसपास होते. एकदा भिजवून, पिळून, ते पाणी टाकून पुन्हा भिजवावं म्हणजे खारेपणा जातो. त्याचं प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या वर नेऊ नये. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेसाठी सांगितलेलं ‘निम्मं कोकोपीट’ इथल्या जुलैत स्पंजासारखं पाणी धरून बसतं. निंबोळी पेंड तीन किलो, वरच्या वीतभर थरात.

जुन्या वाफ्यातलं मिश्रण फेकलं नाही. ते उन्हात आठवडाभर पसरून, फोडून, त्यातच कंपोस्ट आणि कच मिसळली. वाफा लहान झाल्याने आठ-नऊ गोण्या उरल्या, त्या कुंड्यांत गेल्या.

खर्च

कोऱ्या पाटीवर सुरुवात केली तर ढोबळ हिशेब असा पडतो: ब्लॉक ४४ (फुटणारे धरून), ४५ रुपयांनी १,९८०, लाल माती १० गोण्या १,२००, कंपोस्ट ७ गोण्या, त्यातल्या चार सोसायटीच्या खड्ड्यातल्या फुकट, तीन विकतच्या ७५०, कोकोपीटच्या तीन विटा ६००, कच १८०, जाळी ७५०, निंबोळी पेंड १५०, टेम्पो ७००, बिगारी ९००. बेरीज ७,२१० रुपये. भाव विभागाप्रमाणे आणि ओळखीप्रमाणे बदलतात. टेम्पो आणि बिगारी हे दोन आकडे कमी करता येतात, जाळीचा करू नये. काका-काकूंना दुसऱ्या रचनेत नवी खरेदी फक्त जाळी, कच, पेंड आणि थोड्या कंपोस्टची करावी लागली.

लावणी आणि दुसरा पावसाळा

ऑक्टोबरअखेर पेरणी. वाफ्याचे चार भाग केले: मेथी, लाल माठ, पालक, आणि एका टोकाला मिरची-वांगी. मेथी आणि माठ महिन्याभरात काढणीला येतात, पालक पाच-सहा आठवड्यांत, आणि पालक कापून घेतला तर दोन-तीनदा फुटतो. सगळं एका दिवशी पेरलं की महिन्याने घरात फक्त मेथी; दहा-बारा दिवसांच्या अंतराने पेरावं.

पाणी हिवाळ्यात दिवसाला १२ ते १५ लिटर, म्हणजे एक बादली. एप्रिल-मेमध्ये २० लिटरपर्यंत. एसीचं पाणी चालतं. नळीने जोरात मारलं तर मातीवर पापडी धरते, झारी वापरावी. वाफ्याजवळ भरलेली पिंपं, ताटल्या, फुटके मग ठेवायचे नाहीत, डासांच्या अळ्या सापडल्या तर पालिकेच्या कीटकनाशक विभागाची नोटीस सोसायटीला येते आणि वाफ्याचं नाव विनाकारण खराब होतं.

जूनच्या आधी तीन कामं केली: काथ्याचे बोळे बदलले, वरून चार गोण्या कंपोस्ट घातलं (मिश्रण पाच सेंटिमीटर खाली बसलं होतं), आणि वाळक्या पानांचं आच्छादन काढून टाकलं. आच्छादन हिवाळ्या-उन्हाळ्यात उत्तम, पण पावसात त्याखाली मोठ्या आफ्रिकन गोगलगायी मुक्काम करतात आणि एका रात्रीत भेंडीची कोवळी रोपं साफ करतात. त्यांना रात्री विजेरी घेऊन वेचायचं आणि मिठाच्या पाण्यात टाकायचं, हातमोजे घालूनच. नुसत्या हाताने धरू नये. पाणी साचलेल्या मातीत हातापायाला जखम असताना काम करू नये हेही इथेच सांगायला हवं, कारण उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरणारा लेप्टो मुंबईच्या पावसाळ्यात दरवर्षी असतो.

पावसाळ्यासाठी वाफ्यात भेंडी, दोन वेली काकडीच्या, आणि गटाराकडच्या ओलसर टोकाला अळू. पालेभाजीचा नाद या चार महिन्यांत सोडलेला बरा. थेंबांच्या माराने पानं मातीत लोळतात. जुलैत दोन फटींतून पाणी येणं थांबलं. बारीक माती बोळ्यात घट्ट बसली होती. सायकलच्या आऱ्याने आतून टोचल्यावर पाणी सुटलं. भिंतीला दोरी लावून पाहिली तर लांब बाजूच्या मधोमध फरक एका दोरीच्या जाडीचाही नव्हता. भेंडीची खालची पानं मात्र ऑगस्टमध्ये पिवळी पडली. एवढ्या पावसात नत्र धुऊन जातंच. तिला पंधरा दिवसांच्या अंतराने, पाऊस उघडलेला पाहून, मूठ-मूठ कंपोस्ट बुंध्याभोवती दिलं.

काकू आता त्याच पट्ट्यात दुसरा वाफा मागताहेत. मधला चेंबर सोडून जागा उरते अडीच मीटरच्या आत, म्हणजे लांबी २.४ मीटर, रुंदी तीच. खालच्या ओळीला १६ ब्लॉक, वरच्या ओळीला १७, फुटण्यासाठी दोन जास्त; जाळीचा तुकडा आठ फुटी चालेल. दोन वाफ्यांमध्ये चेंबरचं झाकण उघडून माणूस उभा राहील एवढी, किमान तीन फूट जागा मोकळी ठेवायची.